तीन विहिरी, एक सौर प्रकल्प: पॅनेल किती आणि पाळी कशी?

प्रश्न (जत तालुका): आम्ही सात शेतकरी शेजारी-शेजारी आहोत. तीन सामाईक विहिरी, तिन्हींवर पाच एचपीच्या मोटरी, सहा एकर द्राक्ष, चार एकर डाळिंब, सगळं ठिबकवर. उन्हाळ्यात विहीर तीन तासांत तळाला जाते. पुरवठादार २० किलोवॅटचा प्रकल्प आणि बॅटरी घ्या म्हणतो. उरलेल्या विजेवर पिठाची गिरणी चालवावी, असा विचार आहे. किती मोठा प्रकल्प घ्यावा? वाटणी कशी करावी? जास्तीची वीज विकता येईल का?

उत्तर: विहीर तीन तासांत तळाला जाते हे तुम्ही कळवलंत, त्यात निम्मं उत्तर आलं. अशा विहिरीवर स्वतंत्र सौरपंप लावला तर पॅनेल दिवसभर तापतात आणि मोटर तीन तास चालते. एकत्र येण्याचा खरा फायदा इथेच आहे. एका विहिरीला पाझर भरत असतो तेव्हा तीच पॅनेल दुसऱ्या विहिरीचं पाणी उचलतात. म्हणून सुरुवात विहिरीपासून करा. एप्रिलच्या शेवटी प्रत्येक विहीर उपसून पहा आणि किती तासांत पाणी किती फूट चढतं ते वहीत लिहा. हा आकडा हाती नसेल तर कोणत्याही पुरवठादाराशी बोलू नका.

आता हिशोब. एका एकराला रोज १५,००० लिटर धरलं तर दहा एकरांना दीड लाख लिटर लागेल. विहिरीतली उचल, फिल्टर आणि ठिबकचा दाब मिळून ४० मीटर धरू. मोटर-पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तर दिवसाला सुमारे ४१ युनिट लागतात. आपल्या भागात उन्हाळ्यात १ किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण साडेचार युनिट देतं. धूळ आणि उष्णतेची घट धरूनही १० किलोवॅट पुरे. जागाही एक-दीड गुंठाच लागते. वीस किलोवॅट घेतलेत तर उरलेली वीज नेणार कुठे?

शिवाय हे ४१ युनिट दहाही एकर एकाच दिवशी पाणी मागतील असं धरून काढलेत. तुमच्याकडे तसं होणारच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे घड काढल्यानंतरची मोठी छाटणी, झाली की द्राक्ष सर्वांत जास्त पाणी मागतं. डाळिंबाचा मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावरची फुलं) धरलात तर नेमकं तेव्हाच डाळिंब ताणावर, म्हणजे पाणी तोडलेलं, असतं. म्हणजे एकाची गरज चढते तेव्हा दुसऱ्याची शून्यावर येते. गटात पुढे आणखी कुणाला घ्यायचं झालं तर बागायतदाराचं नाव पाहू नका, त्याचा बहार विचारा. सगळे एकाच छाटणीचे द्राक्षवाले जमले तर पॅनेल वाढवावी लागतील आणि बाकीचे महिने ती पडून राहतील. आंबिया बहारवाला (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांवर पीक घेणारा) आला तर एप्रिलचा भार वाढेल. तो नकोच असं नाही, पण हिशोब नव्याने मांडावा लागेल.

मांडणी अशी करा. पॅनेलच्या पाच-पाच किलोवॅटच्या दोन ओळी आणि दोन ड्राइव्ह (पॅनेलच्या विजेवर मोटर चालवणारं यंत्र). तीन विहिरींपैकी कोणतीही विहीर कोणत्याही ड्राइव्हला जोडता येईल असे चेंजओव्हर, म्हणजे जोडणी बदलायचे स्विच, ठेवा. सकाळी साडेआठ ते अकरा आणि दोननंतर उतरत्या उन्हात एकच मोटर चालवा, अकरा ते दोन दोन मोटरी. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन्ही ओळी मिळून एका ड्राइव्हला देता आल्या तर मोटर लवकर सुरू होते. त्यासाठी एवढं पॅनेल त्या ड्राइव्हला चालतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. पॅनेलच्या बाजूचं स्विच डीसीसाठीच बनवलेलं हवं. एसीचं स्विच तिथे लावलं की बंद करताना ठिणगी विझत नाही आणि डबा जळतो. दुकानदार स्वस्तातलं पुढे करेल, ते घेऊ नका.

केबलचाही विचार करा. चारशे मीटरवरच्या पाच एचपी मोटरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर व्होल्टेजची घट ५ टक्क्यांच्या आसपास जाते. ती ३ टक्क्यांत ठेवायची तर जाड तार घ्या, नाहीतर पॅनेल तिन्ही विहिरींच्या मध्यावर बसवा. मध्यावर बेदाणा शेड असेल तर मात्र थोडं लांब सरका, कारण गंधकाची धुरी नट-बोल्ट आणि जोड खाते.

बॅटरी नको. साठवायचंच तर शेततळ्यात पाणी साठवा. ढगाळ दिवसासाठी एका दिवसाचं, म्हणजे दीड लाख लिटर पाणी तळ्यात ठेवणं ४० युनिटच्या बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. गिरणी पावसाळ्यात, मोटरी बंद असताना दुपारी चालवता येईल; पण तिच्यासाठी पॅनेल वाढवू नका. पावसाळ्यात १ किलोवॅट पॅनेलमागे तीन युनिटसुद्धा रोज मिळतील याची खात्री नसते.

वाटणीवरच असे गट मोडतात. भांडवल एकराप्रमाणे घ्या, पण चालू खर्च आणि देखभाल निधी मोटरीला लावलेल्या मीटरच्या युनिटप्रमाणे घ्या. प्रति युनिट थोडी का होईना किंमत हवीच. सौर पाणी फुकट वाटलं की विहिरी लवकर आटतात आणि मग पॅनेल कितीही असली तरी उपयोग नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर सहकारी मंडळी काढली. तिथे उरलेली वीज वीज कंपनी ४.६३ रुपये दराने घेऊ लागली. गरजेपेक्षा जास्त पाणी उपसणं म्हणजे स्वतःचे पैसे घालवणं, असा हिशोब शेतकऱ्यासमोर आला. तुमच्याकडे विक्री नसली तरी गटाने दर ठेवला तर तोच हिशोब होतो. पाळी पाहायला एकच माणूस नेमा. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत, म्हणजे सामाईक पाटपाण्याच्या जुन्या व्यवस्थेत, पाटकरी हेच काम करत आला आहे.

पॅनेल ज्याच्या सातबाऱ्यावर बसतील त्याच्याशी नोंदणीकृत भाडेकरार करा. उद्या भावाभावांत वाटणी झाली तर तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही. गट सहकारी संस्था म्हणून नोंदवला तर विद्युत कायदा २००३ प्रमाणे सभासदांच्या वापरासाठीचा प्रकल्प स्वतःच्या वापराचा समजला जातो. पण महावितरणच्या खांबांवरून तार नेऊ नका आणि त्यांची वीज व सौर वीज एका तारेत मिसळू नका.

तुमच्या मोटरींना महावितरणची जोडणी आहे का, हे पत्रात नाही. असेल तर ती सोडू नका. बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत बिल नाही. मग हा प्रकल्प दिवसाच्या खात्रीच्या पाण्यासाठीच परवडतो का, एवढंच ठरवायचं उरतं. जोडणी नसेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आधी पहा. अडीच ते पाच एकर जमीन असेल तर पाच एचपीचा पंप मिळतो, सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. मात्र तो पंप नावावरच्या लाभार्थ्याचा असतो, हलवून गटाच्या प्रकल्पात जोडता येत नाही.

विक्रीचं म्हणाल तर १० किलोवॅटसाठी त्या वाटेला जाऊ नका. कुसुम या केंद्राच्या सौर योजनेचा अ घटक, म्हणजे शेतजमिनीवरून वीज विकण्याचा भाग, साधारण ५०० किलोवॅटपासून सुरू होतो आणि १ मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. पडीक माळ असेल आणि उपकेंद्र पाच किलोमीटरच्या आत असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन भाड्याने देता येते. हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. त्याचा अर्ज वेगळा असतो. तो या प्रकल्पाच्या कागदांत घालू नका.