माध्यमांचा विद्यार्थी म्हणून रोज किती वर्तमानपत्रं वाचावीत?

दोन पुरेत, पण एकच बातमी दोन्हींतून शेजारी-शेजारी ठेवून वाचा. आधी क्रेडिटलाइन, म्हणजे बातमी कुणी दिली ते सांगणारी ओळ, बघा. दोन्हीकडे एकाच वृत्तसंस्थेची बातमी असेल तर मूळ मजकूर बहुधा सारखाच असतो. मग मथळा, किती कॉलमी, पानाच्या घडीच्या वर की खाली, यावरून त्या डेस्कचा, म्हणजे बातम्या निवडून मांडणाऱ्या संपादकीय चमूचा, कल कळतो. एकाकडे ‘सांगितले’ आणि दुसरीकडे ‘दावा केला’ असेल तर ते हमखास टिपून ठेवा. नंतर शेवटचे दोन परिच्छेद झाकून पाहा. बातमी तरीही पुरी वाटली तर ती उलट्या पिरॅमिडची, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं आधी आणि कमी महत्त्वाचं शेवटी, अशा रचनेची. ऐनवेळी जाहिरात आली, जागा आटली की उपसंपादक खालूनच छाटतो, म्हणून ही रचना सोयीची. अग्रलेख आणि फीचरला (विषय खुलवून लिहिलेल्या लेखाला) मात्र ही कसोटी लावू नका, तिथे शेवटालाही वजन असतं.