फुलांच्या मिरवणुकीतील चित्ररथ खरोखरच संपूर्ण फुलांचे असतात का?

गणेशोत्सवात झेंडूचा चित्ररथ करू पाहणाऱ्या लातूरच्या मंडळाने हे विचारले आहे, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. आत लोखंडी सांगाडा असतोच. फुले हे केवळ त्याचे आवरण असते. अमेरिकेतील पॅसाडेना येथे 1890 साली फुलांनी सजवलेल्या घोडागाड्यांपासून सुरू झालेल्या रोझ परेडमध्ये सांगाड्यावर जाळी व फोम चढवून आकार देतात आणि दिसणारा प्रत्येक भाग फुले, पाने, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकण्याचा नियम पाळतात. बिया आणि साली आधी चिकटवल्या जातात, तर नाजूक गुलाब पाण्याच्या छोट्या नळीत देठ बुडवून अगदी शेवटच्या दिवसांत एकेक करून खोचले जातात, आणि म्हणूनच ते मिरवणूक संपेपर्यंत टवटवीत राहतात. नेदरलँड्समधील झुंडर्ट गावात 1936 पासून डेलियाच्या फुलांचे प्रचंड रथ निघतात. ते गावातल्या वाड्यावस्त्यांचे लोक स्वतः बांधतात, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे झेंडू व शेवंती एवढ्यावरच अडून राहू नये. ज्वारी, जवस, तीळ, करडई यांच्या रंगछटा सुंदर दिसतात, आणि हे धान्य कोमेजत नसल्यामुळे खालचा भाग त्यानेच आठवडाभर आधी भरून घ्यावा. फुले मात्र आदल्या रात्रीच लावावीत व वर ओले सुती कापड अंथरून रथ सावलीत उभा ठेवावा.