ओटीटीचे वर्षाचे पैसे भरूनही जाहिराती बघाव्या लागतात. सगळंच बंद करून टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षाचे पैसे आधीच भरलेत, तरी सिनेमाच्या मध्ये जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या घालवायच्या तर वर आणखी पैसे मागतात. ही फसवणूक नाही का? आणि सगळी सबस्क्रिप्शन्स बंद करावीत का?

आधी एक कबुली देतो. माझ्या काकांचा मिरजेत केबलचा धंदा होता. कॉलेजात असताना दर महिन्याच्या पाच तारखेपासून पावतीपुस्तक घेऊन मी दारोदार वसुलीला फिरायचो. दीडशे रुपये महिना, आणि ते सरळ हातावर ठेवणारं घर विरळाच. ‘गेल्या आठवड्यात दोन दिवस केबल नव्हती, वीस कमी घे.’ ‘मॅचच्या वेळी नुसत्या मुंग्या.’ ‘काकांना सांग, पुढच्या महिन्यात एकदम देतो.’ काका चिडायचे, पण कमी करायचे. पलीकडच्या गल्लीत दुसरा केबलवाला वायर घेऊन टपलेलाच असायचा ना! मात्र एका गोष्टीवरून माझ्याशी कुणीच कधी भांडलं नाही, ती म्हणजे जाहिराती.

म्हणजे पैसेही द्यायचे आणि जाहिरातीही बघायच्या, हे आपण वर्षानुवर्षं करत आलोय. 2019 मध्ये टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेचे नवे दर लागू झाले तेव्हा पहिल्या शंभर चॅनेलचे 130 रुपये अधिक जीएसटी, आणि पे चॅनेलचे पैसे वेगळे. गाजलेल्या चॅनेलना महिन्याला 19 रुपये मोजले तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी साबण आणि मसाले यायचेच. टीव्हीला निदान कागदावर मर्यादा आहे: तासाला 12 मिनिटं, त्यातली 10 जाहिरातींची आणि 2 चॅनेलच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. ती किती पाळतात हे तुम्हाला-मला माहीत आहे. ओटीटीला तर अशी मर्यादाच नाही. 2021 चे आयटी नियम काय दाखवलं, कोणत्या वयासाठी दाखवलं आणि तक्रार कुठे करायची याबद्दल बोलतात. तासाला किती जाहिराती, यावर गप्प.

तरी तुमचा राग मला रास्त वाटतो, कारण ओटीटी विकलं गेलं तेच ‘जाहिराती नाहीत’ म्हणून. ॲमेझॉन प्राइमचंच बघा. 2016 मध्ये भारतात वर्षाला 499 रुपये. मग 999. डिसेंबर 2021 पासून 1499. आणि 17 जून 2025 पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती. नको असतील तर वर्षाला आणखी 699 किंवा महिन्याला 129. म्हणजे पूर्वी 1499 मध्ये जे मिळत होतं त्याला आता 2198. दर वाढवला असता तर लोकांनी दोन कंपन्यांची तुलना केली असती. दर तोच ठेवून माल कमी केला की तुलना करायला बसायला कुणाला सुचत नाही. बिस्किटाच्या पुड्याचं वजन कमी होतं ना, तसंच.

कंपन्या हे का करतात, तर आपल्याकडे नुसत्या वर्गणीवर भागत नाही. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीलाही डिसेंबर 2021 मध्ये बेसिक प्लॅन 499 वरून 199 वर आणावा लागला. दुसरीकडे आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांच्या डिजिटल हक्कांसाठी व्हायकॉम 18 नं 23,758 कोटी मोजले, एका सामन्यामागे पन्नास कोटींच्या वर, आणि 2023 चा हंगाम आपल्या जिओसिनेमा ॲपवर चक्क फुकट दाखवला. ते पैसे जाहिरातदारांकडूनच यायचे होते. म्हणूनच पुढे जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं तेव्हा ‘जाहिरातमुक्त’ प्रीमियम प्लॅनमध्येही थेट सामने धरलेले नव्हते. प्लॅन घेताना ती बारीक अक्षरं वाचा.

कायद्यानं ही फसवणूक ठरवणं अवघड आहे. सेवेत बदल करायचा हक्क कंपनीनं अटींमध्ये आधीच स्वतःकडे ठेवलेला असतो. पण सबस्क्रिप्शन सहज रद्द करता येऊ नये अशी रचना केलेली असेल, तर नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांविषयीच्या) सरकारी नियमावलीत तो अनुचित प्रकार म्हणून नमूद आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. माझ्यावर ती वेळ आली होती. एका ॲपनं (नाव घेत नाही) एक रुपयात सात दिवस दिले आणि आठव्या दिवशी वर्षाचे पैसे खात्यातून वळते झाले. ॲपमध्ये रद्द करायचं बटण नव्हतंच. ते वेबसाइटवर, तेही चार पानं आत.

तेव्हापासून मी वर्षाचा प्लॅन घेत नाही, आणि तुम्हालाही हेच सुचवीन. प्राइमचा महिन्याचा दर 2023 पासून 299 आहे. पाच महिने घेतलं तर 1495, वर्षाचे 1499. म्हणजे वर्षातून पाच महिन्यांपेक्षा कमी बघत असाल तर महिन्या-महिन्यानं घेणंच स्वस्त. घरी सामानाच्या डिलिव्हरीसाठी प्राइम लागत असेल तर हिशोब वेगळा, ते तुमचं तुम्ही बघा. मध्येच नियम बदलले तर बुडतो तोही एका महिन्याचाच पैसा.

पैसे भरल्या भरल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ते मँडेट, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करून टाकायचं. भरलेला महिना सहसा पूर्ण मिळतोच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापायच्या 24 तास आधी सूचना येते, पण ती कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेसेजांत हरवते, तिच्यावर विसंबू नका. रिचार्जसोबत ‘फुकट’ मिळणारं ओटीटी बहुतेकदा फक्त मोबाइलवर चालणारं असतं. टीव्हीवर लावायला गेलात की पुढच्या पायरीचे पैसे मागतात.

सगळंच मात्र मीही बंद केलेलं नाही. आई मिरजेत ज्या ॲपवर मालिका बघते, ते जाहिरातींसकट बारा महिने चालू आहे. तिला जाहिरात लागते, तेवढ्यात उठून कुकर बघता येतो.