मालिकेतली सून आणि भिशीतली मैत्रीण

ताई,
मी कोथरूडला राहते. बँकेतून निवृत्त झाले आहे. रोज रात्री साडेआठची मालिका बघते आणि तिच्या चाहत्यांच्या फेसबुक ग्रुपवर लिहिते. तिथे सरळ दोन तट आहेत, सासूच्या बाजूचे आणि सुनेच्या बाजूचे. मी सासूच्या बाजूने. बँकेतली माझी तीस वर्षांची मैत्रीण सुनेच्या. गेल्या महिन्यात मालिकेतली सून घर सोडून गेली, त्यावरून भयंकर जुंपली आणि तिने सगळ्यांदेखत लिहिलं, "ज्यांच्या घरात सून दोन वर्षं टिकली नाही, त्यांनी आम्हाला शिकवू नये." माझ्या मुलाच्या घटस्फोटाचं मी फक्त तिला सांगितलं होतं. भिशीतल्या तिघी त्या ग्रुपवर आहेत. त्यांना कळायचं ते कळलं. ॲडमिन म्हणतो, "काकू, तुम्ही दोघी आपसात मिटवा." मुलगा म्हणतो, सायबर पोलिसात जा, ॲडमिनलाही सोडू नको. तिच्या मुलीबद्दल मलाही बरंच माहीत आहे. उत्तर लिहून ठेवलंय, सोबत पाठवते. टाकू का? आणि पुढची भिशी माझ्या घरी आहे, तिचं काय करू?
– एक वाचक

नका टाकू.

मालिकेचं नाव तुम्ही दिलं होतंत, ते मी गाळलंय. नाहीतर उद्या माझ्याच टपालात दोन तट पडायचे. मैत्रिणीच्या मुलीबद्दलची वाक्यंही गाळली आहेत. ती इथे छापणं म्हणजे तुमचं उत्तर माझ्या हातून टाकणं झालं असतं.

तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी वेळेप्रमाणे लावून वाचले. पत्रात भांडण तिच्या ओळीपासून सुरू होतं. स्क्रीनशॉटमध्ये ते त्याच दुपारी, तुमच्या ओळीपासून सुरू झालेलं दिसतं. तुम्ही लिहिलं होतंत, "असल्या सुनांना डोक्यावर घेणाऱ्यांच्या मुली सासरी कशा नांदतात ते एकदा बघायला हवं." नाव तुम्ही घेतलं नव्हतं. तिनेही घेतलं नाही. पण तिच्या घरात काय चाललंय हे त्या ग्रुपवर फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे तिला माहीत होतं. ओळ लिहिताना तिची मुलगी तुमच्या डोळ्यांपुढे नव्हती, असं तुम्ही म्हणाल. नसेलही. तिला मात्र तीच दिसली असणार.

तिचं वागणं यामुळे बरोबर ठरत नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट हजारो अनोळखी लोकांपुढे काढणं हे वाईटच, त्यावर पांघरूण घालायचा माझा विचार नाही. पण तुम्ही दोघी मालिकेतल्या सासू-सुनेवर बोलतच नव्हतात. सून बॅग घेऊन बाहेर पडली तेव्हा तुम्हाला तुमचा मुलगा दिसला आणि तिला तिची मुलगी. हे एकमेकींना टेकडीवर चालताना सांगता आलं असतं. सांगितलं नाहीत, आणि मग ते सगळं त्या बिचाऱ्या पात्रांच्या नावावर निघालं.

तुम्ही म्हणता, "आपण गप्प बसलो तर चॅनेलवाले सुनेलाच जिंकवतील." ताई, याची काळजी सोडा. टीआरपी कमेंट मोजून ठरत नाही. देशभरातल्या निवडक घरांत, ती साधारण 50 हजारांच्या वर आहेत, टीव्हीजवळ बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचं एक मीटर असतं. चॅनेलच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. ती ओळखून मीटर कुठलं चॅनेल लागलंय याची नोंद करतं, आणि त्यावरून दर आठवड्याचे आकडे निघतात. ती घरं कुठली हे गुप्त असतं. तुमच्या घरी मीटर नसेल, तर तुम्ही ती मालिका डोळे मिटून बघितली काय आणि अश्रू ढाळत बघितली काय, त्या आकड्यात काडीचा फरक पडत नाही. शिवाय रोजच्या मालिकेचे भाग आधी चित्रित होऊन पडलेले असतात. तुम्ही ज्या रात्री तावातावाने लिहीत होतात, तेव्हा पुढचे काही भाग तयारही असतील. चॅनेलचे लोक कमेंट वाचत नाहीत असं नाही. वाचतात, आणि प्रोमोखाली दोन तट भांडले की त्यांना बरंच वाटतं. तेवढी माणसं जागी आहेत, हे त्यांना समजतं. थोबाडीत मारायला हात उगारलाय तिथेच प्रोमो कापतात, ते उगाच नाही.

पोलिसांचं सांगते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम 356 आहे. पण बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस लगेच एफआयआर घेत नाहीत, आपल्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करावी लागते. तिथे तिचा वकील पहिल्यांदा तुमची दुपारची ओळ वाचून दाखवेल. ॲडमिनचं म्हणाल तर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सॲप ग्रुपच्या बाबतीत म्हटलंय, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही, दोघांचा तसा सामाईक इरादा दिसायला हवा. तुमचं प्रकरण फेसबुकचं आहे, पण "आपसात मिटवा" म्हणणाऱ्या पोराला कोर्टात ओढून हाती काय लागणार? त्याला एवढंच सांगा, की त्या दिवशीचे दोन्ही धागे काढून टाक, माझाही. दोन्ही म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही.

आता मुलाबद्दल. "पोलिसात जा" असं तो म्हणाला, एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. माझं वाचणं मात्र तिथेच अडलं. घटस्फोट त्याचा. तुम्ही तो मैत्रिणीला सांगितलात तेव्हा त्याला विचारलं होतंत का? विचारलं असेल असं पत्रावरून वाटत नाही. आईने आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीजवळ मन मोकळं करू नये असं कोण म्हणेल! पण आज ती गोष्ट चव्हाट्यावर आहे आणि तो तुमच्यावर चिडू शकत नाही, म्हणून पोलिसांचं नाव काढतोय, असा मला संशय आहे. मैत्रिणीच्या आधी त्याच्याशी बोला. "तुला न विचारता मी सांगितलं होतं" एवढं म्हणा आणि मग तो जे बोलेल ते ऐकून घ्या. पहिल्यांदा तो "जाऊ दे गं" म्हणेल. त्यावर जाऊ देऊ नका.

मग मैत्रीण. तुम्ही लिहिता, दोघी रोज म्हातोबा टेकडीवर जायचात, हल्ली ती साडेसहाला जाते म्हणून तुम्ही सातला जाता. एक दिवस साडेसहाला जा. फोन नको, व्हॉट्सॲप तर मुळीच नको. चढ चढताना शेजारी शेजारी चालत बोलणं बरं, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सुरुवात तुमच्या ओळीने करा: "मी दुपारी जे लिहिलं ते तुझ्या पोरीला लागणारं होतं. काढायला सांगितलंय." नंतर दुसरं वाक्य: "मुलाचं मी फक्त तुला सांगितलं होतं." या दोन वाक्यांच्या मध्ये "पण" घालायचा मोह होईल. आवरा.

ती माफी मागेल की नाही, मी सांगू शकत नाही. बँकेच्या काउंटरवर उभं आयुष्य गेलेल्या दोन बायका, दोघी हट्टी असणार. मागितली तर उत्तम. नाही मागितली तरी भिशी, नाटकाची तिकिटं, टेकडी हे सगळं चालू ठेवता येतं. फक्त घरातलं तिला सांगणं बंद करायचं. अशा मैत्रिणी सगळ्यांना असतात, त्यांच्याबरोबरही वेळ छान जातो. तीस वर्षांनंतर हे स्वीकारणं जड जाईल, हे खरं.

ग्रुप सोडायची गरज नाही. रात्री मात्र लिहू नका. एपिसोड साडेआठला बघा, कमेंट सकाळच्या चहानंतर. निम्म्या कमेंट तोवर आपोआप गळतात असा माझा अंदाज आहे. भिशीचं आमंत्रण सगळ्यांना जसं जाईल तसंच तिलाही जाऊ द्या, तिच्यासाठी वेगळा मजकूर नको. त्या तिघींपैकी कोणी विषय काढलाच, तर "आमचं आम्ही बघतो" म्हणा आणि उकडीच्या मोदकांचं ताट पुढे करा.

आणि ते लिहून ठेवलेलं उत्तर फोनमधून पुसा. "राहू दे, लागलं तर" म्हणून ठेवू नका, एखाद्या रात्री लागेलच. मला पाठवलेली प्रत मी पुसली आहे.