वाचकांचे प्रश्न: टॅग हरवलेला कार्ब्युरेटर, आयडलिंगचा त्रास आणि गळका फ्लोट

प्रश्न: घरच्या जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलायला काढलाय. त्याची ओळख सांगणारा टॅग नाहीये, बॉडीवर एक लांबलचक नंबर उठावात आहे पण तो सांगून कुणालाच काही कळत नाही. गाडीच्या मॉडेलवरून सरळ दुरुस्तीचं किट मागवून टाकू का?

उत्तर: थांबा, एवढ्यात नको. तो उठावातला नंबर बहुतेक कास्टिंग नंबर असणार, म्हणजे ओतकामाचा. एकाच ओतकामाची बॉडी कंपन्या आतले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) बदलून वेगवेगळ्या इंजिनांना द्यायच्या, त्यामुळे त्यावरून किट ठरत नाही. आणि गाडीचं मॉडेल सांगून मागवलं तर अजून गोंधळ, कारण इतक्या वर्षांत कुणीतरी दुसराच कार्ब चढवलेला असू शकतो, जुन्या गाड्यांत हे सर्रास होतं. तुमच्या हातात जे आहे ते ओळखायचं, गाडीत काय असायला हवं होतं ते नंतर बघू.

आधी रॉकेल आणि दातांचा जुना ब्रश घेऊन बाहेरून नीट घासा, कारण निम्मे नंबर मळाखालीच असतात. सोलेक्स कंपनीचा असेल तर बॉडीवर ३२ पीबीआयसी असं काहीतरी मिळेल, त्यातला ३२ म्हणजे थ्रॉटलपाशी (रेस दिल्यावर उघडणाऱ्या झडपेपाशी) भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एसयू कंपनीचा तर लांबूनच ओळखू येतो, डोक्यावर घुमटासारखा डॅशपॉट असतो, त्यातलं एच४ मॉडेल म्हणजे दीड इंची आणि एच६ म्हणजे पावणेदोन इंची, आणि आतल्या नीडलच्या (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या) दांड्यावर बारीक अक्षरं ठोकलेली असतात ती भिंगातून वाचायची. स्ट्रॉमबर्ग ९७ वर ९७ हा आकडा बॉडीवरच असतो, तो व्हेंचुरीच्या (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्याच्या) ०.९७ इंचावरून आलाय. आणि काहीच वाचता आलं नाही तर मापं घ्या. थ्रॉटलचा व्यास, व्हेंचुरीचा व्यास, फ्लँजच्या (इंजिनाला जोडायच्या कडेच्या) दोन बोल्टांमधलं सेंटर टू सेंटर अंतर, आणि हवा वरून खाली जाते, खालून वर की आडवी. एवढं कळवलंत तर जाणकार माणूस बरोबर जवळ पोचतो. खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा आणि जुनी पॅकिंगं अजिबात फेकू नका, नवीन किटमधलं पॅकिंग जुन्यावर ठेवून भोकं जुळतात का ते बघायचंय, एक भोक झाकलं गेलं तरी ती पेट्रोलची किंवा हवेची वाटच बंद.

प्रश्न: किट टाकलं, जेट साफ केले, तरी आयडलिंगला (रेस न देता) गाडी थरथरते आणि बंद पडते. आयडलिंगचा स्क्रू कितीही फिरवला तरी फरक नाही.

उत्तर: थ्रॉटलचा शाफ्ट (ज्यावर ती झडप फिरते तो दांडा) धरून वरखाली हलवून बघा. खेळ लागत असेल तर बाजूने फुकटची हवा आत जातेय, मिश्रण पातळ होतंय आणि ते स्क्रूने भरून निघणार नाही. खात्री करायची तर गाडी आयडलिंगवर ठेवून शाफ्टच्या टोकाशी दोन थेंब इंजिन ऑइल सोडा, रनिंग क्षणभर सुधारलं की समजायचं. किटमध्ये शाफ्ट किंवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) सहसा येतच नाही, म्हणून किट टाकूनही हा त्रास तसाच राहतो आणि लोक उगाच जेटच्या मागे लागतात. बॉडीतलं भोक रीम करून (मापात कातून) बुश बसवून घ्या, हे काम चांगल्या टर्नरकडेच द्या, कारण बुश जरा जरी तिरका बसला तर बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची चकती, अडकते. बटरफ्लायचे दोन बारीक स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात, तो भाग कानशीने घासल्याशिवाय पिळले तर शाफ्टमध्येच तुटतात. बटरफ्लायची कड तिरकस असते म्हणून कुठली बाजू वर ते आधी खूण करून ठेवा. बसवताना स्क्रू परत पसरवायचेच, नाहीतर सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो.

आणि कृपा करून जेटमध्ये तार घालू नका. सोलेक्स, वेबरच्या जेटवरचा १२५ म्हणजे १.२५ मिमी, पितळ मऊ असतं, तारेने ते माप गेलं की गेलं. क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरेशी आहे. कॉस्टिक सोड्यात बॉडी बुडवायची नाही, जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाल्लं जातं.

प्रश्न: पेट्रोल ओव्हरफ्लो होतंय, नीडल-सीट (पेट्रोल आत येणं थांबवणारी झडप) नवीन आहे.

उत्तर: मग फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून ती झडप बंद करणारा भाग, बघा. पितळी असेल तर कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळतं का. नसेल कळत तर गरम पाण्यात दाबून धरा, बुडबुडे जिथून येतील तिथे भोक. आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय सोल्डरिंग करायचं नाही, यात घाई अजिबात नको. सोल्डर कमीत कमी लावा, वजन वाढलं की फ्लोट खाली राहतो आणि पातळी चढते. फ्लोट कॉर्कचा असेल आणि वर शेलॅक (लाखेचा लेप) असेल तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ते शेलॅक विरघळतं, कॉर्क पेट्रोल पितो आणि जड होतो. तिथे इथेनॉलला टिकणारं कोटिंग लावा किंवा फ्लोटच बदला, आणि नंतर पातळी त्या मॉडेलच्या मापाने परत सेट करा.