कुत्र्याचं कार्ड बघितलंत का?

या महिन्याच्या टपालात लग्नाच्या प्रश्नांमध्ये मांजरं-कुत्री फार आली आहेत. एकट्या मुलीच्या घरी मांजर दिसली की तिचा एक अर्थ, एकट्या मुलाच्या हातात दिसली की दुसरा, आणि कुत्र्याबरोबरचा फोटो असला की तिसरा. फोनवर पाच मिनिटांत लावलेल्या या अर्थांपायी चांगली स्थळं मोडतात, म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला. उत्तरं आमच्या समुपदेशक आणि पशुवैद्यक सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत.

मी ३४ वर्षांची, रत्नागिरीत पतपेढीत नोकरी करते. घरी आई, मी आणि दोन मांजरी. चिपळूणचं स्थळ आलं, पत्रिका जुळली. मग त्यांनी माझं इन्स्टाग्राम बघितलं आणि निरोप आला, ‘मुलगी मांजरांत रमलेली आहे, माणसांत रमायची नाही.’ घरात मांजर असली की मूल राहत नाही, असंही मुलाच्या आत्याने सांगितलं. मध्यस्थ काका म्हणतात, फोटो काढून टाक. काढू का?
— वाचक, रत्नागिरी

काढू नका. ज्या घराला फोटोतली मांजर चालत नाही, त्या घराला पडवीतली कशी चालेल? ते लग्नाआधी कळलं हे बरंच झालं.

इन्स्टाग्रामवर माणूस फोटो काढण्याजोगं तेवढंच टाकतो. मार्चअखेरचा ताळेबंद, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, शेजारच्या काकूंना बँकेत नेणं, यांचे फोटो कोणी टाकत नाही. खात्यावर मांजरांचेच फोटो जास्त असले तर मांजर समोर होती आणि उजेड चांगला होता, एवढंच त्यातून कळतं. माणसांत रमता की नाही हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी तुमच्या घरी येऊन तासभर बसावं.

बायोडेटात मात्र एक ओळ घाला : ‘घरी दोन मांजरी आहेत, वय अमुक, नसबंदी व लसीकरण झालेलं, लग्नानंतर माझ्याबरोबर येतील.’ किंवा ‘आईकडे राहतील.’ दोन्हींपैकी काय, ते आईशी बोलून आधी ठरवा. ही ओळ असली की चहा-पोह्यांच्या वेळी चाचपडणं उरत नाही.

आता आत्यांचं बोलणं. त्यामागे एक खरा आजार आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि गरोदरपणात तो पहिल्यांदाच झाला तर बाळाला धोका असतो. पण मांजर तो आयुष्यभर टाकत नाही. कच्चा उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन तिला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे तो विष्ठेतून बाहेर पडतो. ताज्या विष्ठेतून लागण होत नाही, ती व्हायला एक ते पाच दिवस जावे लागतात. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ करणं हाच मोठा उपाय. गरोदरपणात ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं; कोणीच नसेल तर हातमोजे घालून करावं आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजरीला कच्चं मटण देऊ नये. हा परजीवी माणसाला अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या पालेभाजीतून आणि परसातल्या मातीतूनही होतो, त्यामुळे मांजर हाकलून दिली तरी भाजी धुवावीच लागते. मांजरीला कुरवाळल्याने गर्भ राहत नाही, ही समजूत खरी नाही. शंका असेल तर गरोदरपणाचा विचार करतानाच स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून रक्ताची तपासणी करून घ्या. आधी लागण होऊन गेली आहे का, ते त्यात समजतं.

मालवणात माझा होम-स्टे आहे, वय ३६. बोक्याला मांडीवर घेतलेला फोटो मी विवाहसंस्थेच्या ॲपवर टाकला. मावशी म्हणाली, ‘ह्यो कसलो, मांजराक उराशी धरून फोटो काढता!’ असा फोटो बघून मुली खरंच नाकारतात का?
— वाचक, मालवण

काही नाकारतात, आणि ते तपासलंही गेलं आहे. २०२० मध्ये अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. १८ ते २४ वयाच्या सुमारे चौदाशे मुलींना तरुणांचे मांजरीसह आणि मांजरीशिवाय असे फोटो दाखवले. मांजर हातात असली की तोच मुलगा त्यांना कमी मर्दानी आणि जोडीदार म्हणून कमी पसंत वाटला. ज्या मुली स्वतःला मांजरप्रेमी म्हणवत होत्या, त्यांच्यावर मात्र हा परिणाम तसा दिसला नाही. पाहणी तिकडची, तीही विशीच्या आसपासच्या मुलींची; तिच्यावरून सिंधुदुर्गातल्या तिशीतल्या मुलींबद्दल नियम काढता येणार नाही. पण फोटो एका क्षणात मत बनवतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आपल्याकडे तर मांजर घराचीच असते. तांदळाच्या कणगीला उंदीर लागतात, उंदरांमागून घोणस, फुरसं अंगणात येतं, म्हणून मांजर हवी. रोज दारावर मासळी येणाऱ्या घरात बोका असण्यात बायकी काय आहे? (बोक्याला टाकाऊ मासळी देताना त्यात केंड मासा नाही ना, तेवढं बघा, तो विषारी असतो.) फोटो राहू द्या. फक्त तो पहिला नको. पहिला तुमचा एकट्याचा, चेहरा स्पष्ट दिसणारा. बोका तिसरा किंवा चौथा.

मुलीसाठी मुंबईतलं स्थळ आलंय. मुलगा एकटा राहतो. फेसबुक-इन्स्टावर सगळीकडे लॅब्रेडॉरबरोबरचे फोटो. मुलगी म्हणते, कुत्र्यावर इतका जीव लावणारा माणूस वाईट कसा असेल? आम्हाला ठरवता येईना.
— आई-वडील, दापोली

कुत्र्याबरोबरचा फोटो चांगुलपणाचा दाखला नव्हे. मित्राचा कुत्रा उसना घेऊनही फोटो काढता येतो, आणि कुत्रा स्वतःचा असला तरी त्याचं सगळं कामवाल्या मावशी करत असू शकतात. पण कुत्रा पाळण्याच्या खुणा इतक्या ठोस असतात की नीट विचारलं तर माणसाचा स्वभाव लवकर उघडा पडतो.

आधी फोनवर जे दिसतं ते बघा. कुत्रा दोन-तीन वर्षं तोच आहे का? लहानपणचे फोटो आहेत का? घरातले, जुलैतल्या चिखलाचे आहेत का, की सगळे किनाऱ्यावरचे आणि एकाच दिवसाचे? इन्स्टाग्रामवर नावाशेजारच्या तीन ठिपक्यांत ‘या खात्याविषयी’ असा पर्याय असतो. खातं कधी उघडलं, नाव किती वेळा बदललं ते तिथे बहुधा दिसतं. लग्नाच्या तोंडावर उघडलेलं, दहाच फोटोंचं खातं असलं तर त्यावरून काहीच मत बनवू नका, बरं नाही आणि वाईटही नाही. खातं खासगी असणं हाही दोष नाही. त्याने स्वतः टाकलेल्या फोटोंपेक्षा इतरांच्या पोस्टखाली तो कसा बोलतो ते जास्त सांगून जातं. दुसऱ्याची टिंगल आणि बायकांविषयी सैल बोलणं तिथेच सापडतं. खोटं खातं उघडून त्याच्याशी मैत्री मात्र करू नका. उद्या ते उघडकीला आलं तर तोंड तुमच्याच मुलीला द्यावं लागेल.

मग बोलण्याच्या ओघात लसीचं कार्ड मागा. पशुवैद्य ते छोटं पुस्तक देतात, त्यात प्रत्येक लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं असतं आणि शेजारी तारीख नि सही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची, आणि नंतर दरवर्षी. मधलं एखादं वर्ष कोरं असेल तर कारण विचारा. आजारपणात, नोकरी गेल्यावर राहून गेलं असेल तर समजू शकतं. ‘त्याला काय होतंय’ असं उत्तर आलं तर तेच उत्तर उद्या मुलीच्या तापालाही येईल, असं आम्हाला वाटतं.

आणखी तीन गोष्टी विचारा : पावसात सकाळी सहाला त्याला बाहेर कोण नेतं, तुम्ही गणपतीला गावी जाता तेव्हा तो कुठे असतो, महिन्याला त्याचा खर्च किती येतो. स्वतः करणारा माणूस हिशोबासकट, जागेवर सांगतो. न करणारा ‘तो फार गुणी आहे हो’ म्हणून विषय बदलतो.

घरी गेलात तर कुत्र्याकडे बघा. नखं फरशीवर टकटक वाजण्याइतकी वाढलीत का, कानाला वास येतो का, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का, मानेवर साखळीने केस गेलेत का. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मुलाने सहज हात वर केला, केसांतून फिरवला, तर कुत्रा काय करतो? अंग चोरून कान मागे पाडून खाली बसला तर त्याने बहुधा मार खाल्लेला आहे. दुसऱ्याकडून सोडवून आणलेला कुत्राही असं करतो, म्हणून तो कधी आणि कुठून आणला ते विचारूनच मत बनवा.

माझा कुत्रा पाच वर्षांचा, गावठीच आहे. मेमध्ये लग्न, सासर डोंबिवलीला फ्लॅटमध्ये. सासूबाई म्हणतात, सोसायटीत कुत्रा चालत नाही, गावात सोडून ये. साखरपुडा व्हायचाय.
— वाचक, सावंतवाडी

साखरपुडा व्हायचाय म्हणजे वेळ हातात आहे. हा विषय आताच मिटवा.

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. बहुमताचा ठराव करूनही तशी बंदी घालता येत नाही. त्याची घाण उचलणं आणि लसीकरण ठेवणं ही तुमची जबाबदारी. ‘गावात सोडणं’ तर विचारातही आणू नका. उपाशी-तहानेलं राहण्याची वेळ येईल असं जनावर वाऱ्यावर सोडणं, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आई-बाबांकडे ठेवायचा असेल तर त्यांना तोंडभरून ‘हो’ म्हणायला लावू नका. पावसात रात्री त्याला पशुवैद्याकडे कोण नेईल ते विचारा.

न्यायचा ठरला तर रेल्वेने कुत्रा आपल्याजवळ ठेवून फक्त पहिल्या वर्गात नेता येतो, तोही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तर. स्लीपर, थ्री टायर, टू टायर, खुर्चीयान यांत नाही. कूपे मिळणार की नाही ते तक्ता लागताना ठरतं, म्हणून आधी अर्ज द्या. पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र, लसीचं पुस्तक आणि पार्सल ऑफिसातली पावती हवीच. ब्रेकच्या (गार्डच्या) डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते, पण मेच्या उकाड्यात त्यात घालू नका. लग्नाच्या आठवड्यात न नेता दीड-दोन महिन्यांनी, तुम्ही तिथे रुळल्यावर न्या. खळ्यात मोकळं हिंडणाऱ्याला चौथ्या मजल्याची सवय नसते, तेव्हा त्याआधी महिनाभर रोज दोन ठरलेल्या वेळी पट्ट्याने फिरवा.

निघण्यापूर्वी गोचीड काढून औषध लावून घ्या. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून होतो आणि रानात गेलेला कुत्रा गोचीड घरात आणू शकतो. गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

माझ्या कुत्र्याचे फोटो बघून मुलीने भेटायलाच नकार दिला. लहानपणी तिला कुत्रा चावला होता म्हणे. मग ती प्रेमळ नाहीच ना?
— वाचक, गुहागर

असं म्हणू नका. कुत्रा चावलेलं मूल दंडात घेतलेली इंजेक्शनं आणि घरच्यांची धावपळ मोठेपणीही विसरत नाही. त्या भीतीवरून तिच्या मनाची पारख होत नाही. तिला कळवा की पहिली भेट तुमच्या घरी नसेल आणि कुत्राही सोबत नसेल. ती तयार झाली तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत उघड्या जागेत, आखूड पट्ट्यावर, दहा-बारा फुटांवरून त्याला दाखवा. तिने त्याच्याकडे टक लावून बघू नये, अंग किंचित वळवून बसावं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत. जवळ यायचं की नाही ते तिने ठरवायचं, आणि ‘काही करत नाही तो’ हे वाक्य तुम्ही एकदाही म्हणायचं नाही.