ट्यूब बदलण्याआधी दूध तपासा

प्रश्न : आमच्या संकरित गायीचं तिसरं वेत चालू आहे. मागच्या उजव्या सडात दोन महिन्यांत तिसऱ्यांदा दगडी (कासेचा दाह) झाली. सडात औषधाची ट्यूब सोडली की दोन दिवसांत दूध साफ होतं, पंधरवड्यात दुधात पुन्हा गाठी येतात. गायीला औषधाची सवय झाली का? आणखी भारी ट्यूब कोणती सोडू?
– एक वाचक, मुरबाड

उत्तर : सवय गायीला होत नाही. औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात आणि तेच वाढतात. पण दर वेळी कारण तेवढंच नसतं, म्हणून भारी ट्यूब आणणं तूर्त थांबवा.

तुम्ही सांगता तशी पुन्हा पुन्हा उलटणारी दगडी बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूची असते. याचे बरेच वाण पेनिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात. शिवाय हा जिवाणू कासेच्या पेशींत शिरतो आणि स्वतःभोवती चिकट थर धरतो. कासेत घट्ट गाठी झाल्या की तिथे औषध पुरेसं पोहोचत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत लागू पडलेलं औषधही कासेत हरू शकतं. दूध साफ दिसलं म्हणून कोर्स अर्धवट सोडला, तर चिवट जिवाणू तेवढे शिल्लक राहतात. आणखी एक धोका असा की सड नीट न पुसता ट्यूबचं टोक आत घातलं तर त्यासोबत बुरशीही जाते, आणि बुरशीवर प्रतिजैविक काहीच करत नाही.

म्हणून पुढची ट्यूब सोडण्याआधी नमुना घ्या. हात धुवा, सड कोरडा पुसा, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढा. मग 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने सडाचं टोक बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा. निर्जंतुक बाटली आडवी धरून 3 ते 5 मिली दूध घ्या. बाटली उभी धरली तर कासेवरची धूळ आणि केस आत पडतात, आणि अहवालात भलतेच जिवाणू येतात. चारही सडांचे नमुने घ्यायचे तर पुसताना लांबचे सड आधी, धार घेताना जवळचे आधी. बाटलीवर गायीचा क्रमांक, सड आणि तारीख लिहा. बर्फाच्या डब्यातून 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय ठाणे जिल्ह्याला जवळचं आहे.

अहवालात ऑक्सासिलिन किंवा सेफॉक्सिटिन ही प्रतिजैविकं लागू नाहीत असं आलं, तर नेहमीच्या पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या ट्यूबवर पैसे घालवू नका. औषध आणि किती दिवस द्यायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. कास दगडासारखी घट्ट झाली असेल तर तो सड कायमचा आटवणं हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. तोवर या गायीची धार सगळ्यांत शेवटी काढा. गायीला ताप असेल, ती चारा सोडून बसली असेल, तर अहवालाची वाट पाहू नका, त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा. नमुना मात्र इंजेक्शनच्या आधी घेऊन ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात गाय आटवताना सगळ्यांच्या चारही सडांत प्रतिजैविकाची ट्यूब सोडावी का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : सरसकट नको. निरोगी सडात औषध घालून आपण चिवट जिवाणूंनाच निवडतो. लपलेली दगडी ओळखायला कॅलिफोर्निया टेस्ट करा: पॅडलच्या (चार कप्प्यांच्या थाळीच्या) प्रत्येक कप्प्यात एकेका सडाचं 2 मिली दूध आणि तेवढंच टेस्टचं द्रावण घालून दहा सेकंद फिरवा. मिश्रण घट्ट झालं किंवा त्या वेतात दगडी झाली असेल तर ट्यूब द्यावी. बाकीच्यांना सड बंद करणारं सीलंट पुरतं. त्यात औषध नसतं, म्हणून ते घालताना सडाचं टोक अल्कोहोलने काटेकोर पुसा. एखादा जिवाणू आत गेला तर त्याला मारणारं काही नसतं.

आपल्याकडच्या पावसात गोठा ओला राहतो आणि शेणातला ई. कोलाय सडापर्यंत पोहोचतो. कोरडा भाताचा पेंढा घाला, ओला झाला की उचला. दुभत्या गायींची धार संपली की सड 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच वैरण टाका. गाय अर्धा तास उभी राहिली की सडाचं तोंड मिटतं.

प्रश्न : दूध उकळल्यावर औषधाचा अंश जातो का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : जिवाणू मरतात, औषधाचा अंश मात्र बराचसा उरतो. अशा दुधाचं दही कधी कधी विरजतच नाही. औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस विकायचं नाही ते लिहिलेलं असतं. तो काळ शास्त्रीयदृष्ट्या ठरलेला नसेल तर आपल्या औषध नियमांनुसार दुधासाठी किमान 7 दिवस धरायचे. गोठेवाल्यांनी ते दूध वासरांनाही पाजू नये. त्यांच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात आणि शेणावाटे पुन्हा गोठ्यात येतात.